डोहातलं बोलावणं

करंजी ओढा पूर्वीसारखा व्हायला पाच वर्षं लागतील, असं ऋतुजा रेडेकरनं आंबेखोलच्या ग्रामसभेत सांगितलं आणि मागच्या ओळीतून पहिला प्रश्न आला, "मग पालखी कवा निघंल?"

सगळ्या सभेनं माना हलवल्या. म्हणजे प्रश्न एकट्याचा नव्हता, गावाचा होता.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. आंबेखोलची ग्रामदेवता डोहाई. करंजी ओढा तांबरी नदीला मिळतो त्याच्या जरा वर एक डोह आहे, तिथं तिचं ठाणं. दसऱ्याला तिची पालखी डोहावर येते. मानकरी कमरेइतक्या पाण्यात उतरतो, ओंजळीत शिजवलेला भात धरतो आणि वाट बघतो. डोहातली खडशी, म्हणजे शहरातले लोक ज्याला महासीर म्हणतात तो मोठ्या सोनेरी खवल्यांचा मासा, येऊन ओंजळीतला भात खाते. मग देवी न्हाली असं समजायचं आणि पालखी गावभर फिरवायची. खडशीनं भात खाल्ला नाही तर पालखी आल्या पावली देवळात. गेली वीस-बावीस वर्षं ती आल्या पावलीच परत जात होती, कारण डोहात खडशीच उरली नव्हती. त्या काळात लग्न होऊन गावात आलेल्या सुनांनी आपल्या दारात पालखी कधी पाहिलीच नव्हती.

मानकरी रेडेकरांच्या घराण्यातला. सध्याचे मानकरी धोंडिराम रेडेकर, साऱ्या गावाचे आप्पा, हे ऋतुजाचे वडील. आणि गंमत म्हणा नाहीतर दुर्दैव म्हणा, खडशी गेली ती आप्पांच्याच सरपंचकीत. त्यांनी तालुक्याहून दोन जेसीबी आणून ओढ्याचं खोलीकरण केलं. तेव्हा गावोगाव तेच चाललं होतं. वळणं काढून ओढा सरळ केला, तळातली खडी आणि धोंडे रस्त्याला घातले, काठची करंजं उपटली. फेटा बांधून जेसीबीशेजारी उभे राहिलेल्या आप्पांचा फोटो वर्तमानपत्रात आला. दोन उन्हाळे विहिरींना पाणी चढलं आणि लोकांनी आप्पांना डोक्यावर घेतलं. पुढं ऊस थेट काठाला भिडला, शेतातली माती ओढ्यात उतरायला लागली आणि मासे गेले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण दर दसऱ्याला आप्पा पाण्यात उभे राहायचे, ओंजळीतला भात हळूहळू वाहून जायचा, आणि ते वर आले की लोक जमिनीकडं बघायचे. ऋतुजानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. ती नद्यांचं पुनरुज्जीवन शिकायला गेली त्याचं खरं कारण हेच. नोकरीच्या मुलाखतीत तिनं दुसरं सांगितलं होतं.

"पाचव्या वर्षी निघेल," ती सभेत म्हणाली. "ओढा बरा झाला की मासे येतील, मासे आले की पालखी निघेल."

"पाचव्या वर्साला आमी असू का?" देवीचा पुजारी भैरू गुरव म्हणाला आणि सभा हसली.

हसत हसत का होईना, लोक तयार झाले. दोन्ही काठांना रुंद पट्टा ऊस न लावता सोडायचं ठरलं. आंबेखोलमध्ये हे दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी झालं नसतं. ऋतुजाच्या सरकारी कार्यालयात सगळ्यांनी तिची पाठ थोपटली. मत्स्य-अधिवास वगैरे शब्द न काढता तिनं पालखी पुढं केली, हे तिला स्वतःलाही तेव्हा मोठं हुशारीचं वाटलं.

आराखडा समजायला सोपा होता. आधी ओढ्याला त्याची वळणं परत द्यायची आणि डोहातला गाळ उपसायचा. मग तळाला खडी आणि धोंडे घालायचे. मग काठाला झाडं लावायची आणि शेतातलं पाणी ओढ्यात येण्याआधी जरा थांबून गाळ खाली टाकील असे खड्डे घ्यायचे. खडशी अंडी घालते ती स्वच्छ खडीत. खडीच्या फटींतून वाहतं पाणी खेळत राहिलं तर अंड्यांना प्राणवायू मिळतो. फटींत गाळ बसला की अंडी जागच्या जागी गुदमरतात. हे सगळं जमल्यावर, अगदी शेवटी, साद.

साद हे एका यंत्राचं नाव. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं काही वर्षांपूर्वी ते तयार केलं होतं. माशाला कान दिसत नाहीत म्हणून तो बहिरा, अशी आपली समजूत असते. खडशीच्या कुळातल्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्यापासून डोक्यातल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी. पाण्यातली हलकीशी थरथरही पिशवी टिपते आणि साखळी ती कानाला कळवते. निरोगी ओढ्याला आवाज असतो. खडीवरून घसरणारं पाणी, धोंड्यामागं फुटणारे बुडबुडे, दगडाखाली किड्यांची कुरकुर, चरणारे दुसरे मासे, असा सगळ्याचा मिळून एक आवाज. आजारी ओढा जवळजवळ मुका असतो. नदीतून वर चढणारा मासा कुठल्या ओढ्यात शिरायचं हे बरंचसं या आवाजावरून ठरवतो, असं त्या प्रयोगशाळेनं दाखवलं. मग तिथल्या लोकांनी एका चांगल्या ओढ्याचा आवाज शिकून, दुसऱ्या ओढ्याच्या रुंदी-खोलीला बेतून, तो पाण्याखाली वाजवणारी पेटी बनवली. मासे यायचे. इतके हमखास यायचे की पेटीवर पहिल्यापासून लाल अक्षरांत सूचना होती: अधिवास तयार झाल्याशिवाय सुरू करू नये. कारण मासा आवाजावर भरवसा ठेवतो. आत खडी आहे की गाळ, हे त्याला आत आल्यावर कळतं, आणि तोवर पावसाळा सरत आलेला असतो.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात, वळणांचं काम अर्ध्यावर असताना, ऋतुजानं पेटी डोहात बसवली ती वाजवायला नाही, तर ओढ्याचा सध्याचा आवाज नोंदवायला. तिची बटणं आप्पांच्या पाण्याच्या मोटारीच्या खोपीत होती, कारण डोहाला लागून शेत त्यांचं होतं. काम संपल्यावर तिनं कौतुकानं आप्पांच्या कानाला हेडफोन लावले आणि बेतलेला आवाज त्यांना ऐकवला.

आप्पांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले. मग म्हणाले, "ह्यो आपला वढा न्हवं?"

"आपला नाही, आप्पा. घाटापलीकडचा आहे. आपल्या मापाला बसवलाय."

"आपलाच हाय. पवायला जायचो तवा पान्यात डोकं घातलं की ह्योच आवाज." त्यांनी हेडफोन काढले आणि डोळे पुसले. "चालू कसं करायचं ह्ये?"

तिनं दाखवलं. आपण बसवलेली वस्तू आपल्या माणसाला दाखवावीशी वाटते, तेवढंच.

श्रावणात ती कोल्हापूरला कार्यालयात बसलेली असताना फोनवर निरोप उमटला. ओढ्याच्या मुखाशी पाण्याखाली कॅमेरा होता, तो येणारेजाणारे मासे ओळखून कळवत असे. एरवी तो खरबी, झिंगे असल्या बारक्या जातींपलीकडं काही कळवत नसे. आज म्हणत होता: खडशी, पूर्ण वाढलेली, आत गेली. ऋतुजाला वाटलं कॅमेरा बिघडला. मग दुसरा निरोप आला, मग लागोपाठ पाच-सहा.

तांबरीतली खडशी म्हणजे सगळ्या खोऱ्यातली शेवटची. वाळूउपसा आणि धरणं यांतून वाचलेला एकच कळप, चाळीसेक माशांचा. पाचव्या वर्षी बोलवायचं होतं ते यांनाच. हे गेले तर मागून बोलवायला कुणी उरत नव्हतं.

तिनं घरी फोन लावला. "आप्पा, पेटी चालू केलीत?"

पलीकडं पावसाचा आवाज येत होता. "वढ्याला पानी लई झ्याक हाय ह्या बारीला," आप्पा म्हणाले.

ती मिळेल त्या बसनं निघाली. पोचेपर्यंत कॅमेऱ्याचा आकडा चाळिशीला आला होता. डोहावर पोचली तेव्हा निम्मं गाव छत्र्या घेऊन काठावर उभं होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पाणी गढूळ असूनही मधूनच एखादी सोनेरी पाठ वर येऊन फिरताना दिसत होती. ऋतुजानं आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत खडशी आपल्या गावात पाहिली. क्षणभर तिलाही सगळ्याचा विसर पडला.

आप्पा खोपीत पोत्यावर बसले होते, स्वच्छ धोतर नेसून, जसे काही पाहुणे यायचे होते.

"बंद करते," ती म्हणाली. "अजून पाणी भरपूर आहे. आवाज थांबला की ते चारसहा दिवसांत नदीत परत जातील."

"दसऱ्यापातूर ऱ्हाऊ दे."

"आप्पा, आत अजून खडी पडलेली नाही. सगळा गाळ आहे. अंडी जगायची नाहीत, आणि पाणी उतरलं की हे अडकतील. डोहाखालच्या कातळावरून पाणी वाहतंय तोवरच त्यांना वाट आहे."

"दसरा दोन म्हैन्यावर हाय. पानी कार्तिकापातूर ऱ्हातं."

"राहतंच असं नाही."

"तू पाच वर्सं म्हनतीस ती तुजी पाच वर्सं, बाय. माजी न्हाईत." आप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "मी पान्यातनं वर येतो तवा लोक भुईकडं बगत्यात. तुला ठावं न्हाई ते."

ते तिला ठाऊक होतं. आप्पांनाही ते दिसत होतं हे मात्र तिला आज कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. तिनं फोनवर ओढ्याच्या पाण्याचा अंदाज काढला. अंदाज असा निघाला, कार्तिक उजाडेपर्यंत वाट उघडी राहण्याची शक्यता तीनात दोन. तीनात दोन म्हणजे वाईट नाही, असं तिनं स्वतःला समजावलं आणि खटक्यावरचा हात काढून घेतला. त्या तिसऱ्या हिश्श्याचा विचार तिनं केला नाही असं नाही. केला आणि बाजूला ठेवला.

त्या वर्षी पाऊस गणपतीतच आवरला. कातळाकडं बघायला ऋतुजा दसऱ्यापर्यंत गेली नाही.

दसऱ्याला डोहावर मुंगी शिरायला जागा नव्हती. आप्पा पाण्यात उतरले, भैरू गुरवानं त्यांच्या ओंजळीत भात घातला. फार वेळ लागलाच नाही. कळपातली सगळ्यांत मोठी मादी, हातभर लांब, सावकाश वर आली आणि तिनं आप्पांच्या ओंजळीत तोंड घातलं. भात संपेपर्यंत ती हलली नाही. आप्पा रडत होते आणि ते लपवायला त्यांचे हात मोकळे नव्हते. हलगी कडाडली, "डोहाईच्या नावानं चांगभलं" उठलं, आणि पालखी दिवस मावळेपर्यंत दारोदार फिरली. लोक आप्पांच्या चेहऱ्याकडं बघत होते, सरळ, डोळ्याला डोळा देऊन. ऋतुजा बायकांबरोबर फुगडी खेळली. तिला आनंद झाला होता आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पेटी बंद केली आणि खालच्या कातळावर गेली. कातळ कोरडा होता. मधल्या एका खाचेतून बोटभर धार गळत होती, तेवढीच. खाली कातळाच्या पायथ्याशी तांबरी भरून वाहत होती.

तिनं ओढ्याचा तळ हातानं उकरून पाहिला. गाळाखाली अंडी सापडली, पिवळ्या मण्यांसारखी असायची ती पांढरीफटक, बुरशीच्या लोकरीत गुंडाळलेली. मूठभर घेऊन ती आप्पांकडं गेली. त्यांनी अंडी पाहिली, तिचा हात आपल्या हातानं मिटला आणि म्हणाले, "मोठी हाईत न्हवं अजून? मोठी वाचीव."

तोवर ओंजळीतून भात खाणाऱ्या खडशीचं चित्रण राज्यभर फिरलं होतं. ऋतुजाचे वरिष्ठ नाडगौडा साहेब फोनवर एकदम खुशीत होते.

"दुसऱ्याच वर्षी मासे परत आणलेत तुम्ही. मग पाच वर्षं कशाला सांगत होता?"

"साहेब, ओढा बरा झालेला नाही. आपण त्यांना खोटं बोलावणं धाडलं. ते आत अडकलेत."

"अडकलेत म्हणजे आहेत ना? लोकांना मासे दिसतायत. पुढच्या वर्षीपासून सगळ्याच ओढ्यांवर आधी साद बसवायची, खडी-झाडं मागाहून, टप्प्याटप्प्यानं. वरून आलंय."

"तसं केलंत तर एकही खडशी उरणार नाही."

"तुमचा आक्षेप लिहून पाठवा," साहेब म्हणाले. "नोंद घेऊ."

तिनं पाठवला. त्यांनी नोंद घेतली. आठवड्याभरात पेट्यांची मागणी पुण्याला गेली, सोबत नमुना म्हणून आंबेखोलचं नाव जोडलेलं.

कार्तिकात डोह हिरवा पडायला लागला. उसावर ड्रोननं फवारलेलं खत पाझरून येत होतं, त्यावर शेवाळ माजलं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं, त्यामुळं पहाटेला पाण्यात काही शिल्लक राहत नाही. रोज सकाळी ऋतुजा मापक पाण्यात सोडायची आणि आकडा कालच्यापेक्षा खाली असायचा. हवा खेळवणारी यंत्रं तिनं मागितली होती. मंजुरी मार्चमध्ये मिळेल असं उत्तर आलं.

मासे सकाळच्या वेळी पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडी टाकून तरंगायला लागले. ते गुदमरत होते. गावाला वाटलं, ते मागतायत. आसपासच्या तालुक्यांतून गाड्या भरून लोक यायला लागले, चिरमुऱ्यांची दुकानं लागली, लहान पोरांना कडेवर घेऊन आया म्हणायच्या, "बघ, कशी आ करतीया." चिरमुरे मूठमूठ पाण्यात पडायचे, भिजून तळाला जायचे आणि कुजायचे. कुजताना ते उरलासुरला प्राणवायू खायचे. ऋतुजानं पाटी लावली. लोकांनी पाटीला हळदीकुंकू लावलं. तिनं काठावर उभं राहून घसा बसेपर्यंत सांगितलं. लोक शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत, आणि ती वळली की देवीला उपाशी कसं ठेवायचं म्हणून हळूच मूठ सोडत. यात कुणाची वाईट बुद्धी नव्हती. तीच तर पंचाईत होती. वाईट बुद्धी असती तर पोलीस बोलावता आले असते.

एकच उपाय होता, जाळ्यानं धरून नदीत सोडणं. ती भैरू गुरवाकडं गेली.

"देवीच्या खडशीला मानकऱ्याबिगर कुनी शिवायचं न्हाई," गुरव म्हणाला. "आनि मानकऱ्यानं जरी धरायची म्हटली तरी कौल घ्याया पायजे."

कौल लावला. देवीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळं गाव गप्प बसून बघत होतं. ऋतुजाला अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, तरी तिनं मनातल्या मनात हात जोडले. डावी कळी पडली.

"आप्पा, तुम्ही बोला काहीतरी," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील."

आप्पांनी पडलेल्या कळीकडं पाहिलं. "कौल झाल्यावर बोलत न्हाईत," ते म्हणाले.

पण घरी आल्यावर त्यांनी जेवण बाजूला सारलं. "मला खरं सांग. मरत्यात व्हय?"

"हो."

"समदी?"

"सगळी, आप्पा. यांच्यानंतर तांबरीत खडशी नाही."

मग त्यांनीच विचारलं, "ती पेटी त्यास्नी वर बोलिवती. खाली न्हाई बोलवायची?"

ऋतुजानं मनातल्या मनात मांडून पाहिलं. पेटी उचलून कातळाखाली ओढ्याच्या मुखाशी नेऊन वाजवायची, आणि नदीचं पाणी पंपानं उचलून डोहाच्या डोक्यावर सोडायचं, म्हणजे कातळावरून दोन-चार तास तरी धार वाहील. मासे आवाजाच्या मागे आपणहून उतरतील.

"जाळं न्हाई, हात न्हाई," आप्पा म्हणाले. "आपल्या मनानं जात्यात तर कौल कशाला?"

ओळखीच्या तिघा शेतकऱ्यांनी एका सकाळपुरते पंप दिले. त्याहून जास्त देणं त्यांनाही शक्य नव्हतं, उसाला पाण्याची पाळी होती. बाकी गावाला डोहात ताजं पाणी सोडतोय एवढंच सांगितलं. उजाडता उजाडता पंप सुरू झाले. कातळावर आधी ओल आली, मग पातळ पडदा, मग घोट्याला लागेल एवढी धार. आप्पा धोतर खोचून कातळावर उभे राहिले. ऋतुजानं खाली ओढ्याच्या मुखाशी पेटी बुडवली आणि चालू केली.

डोहातली तोंडं मिटली. पाण्याखालच्या सावल्या एका दिशेला वळल्या. पहिला नर कातळाशी आला, थबकला, आणि आडवा होत घसरत खाली गेला. नदीत पडल्याचा आवाज झाला. मागून दुसरा, मग तिसरा. आप्पांनी हसून तिच्याकडं पाहिलं.

मग मोठी मादी आली. ती धारेपेक्षा जाड होती. निम्म्या कातळावर येऊन ती अडकली, पोट दगडाला टेकलं, आणि ती शेपूट आपटायला लागली. तो आवाज वर देवळापर्यंत गेला असावा. भैरू गुरव पूजेचं पाणी न्यायला आला होता, त्यानं पाहिलं आणि घागर टाकून ओरडला, "देवी वढ्याभाईर पडली."

पाहता पाहता गाव गोळा झालं. कुणी मासा धरायला पुढं झालं नाही, शिवायचं नव्हतं. कुणीतरी हलगी आणली. सगळे आप्पांकडं बघत होते.

आप्पांनी खांद्यावरचा शेला भिजवला, खडशीखाली घातला आणि तिला दोन्ही हातांवर उचललं. तिचे कल्ले उघडमीट होत होते. त्यांच्या पायांखाली उताराला नदी होती, चार पावलांवर. वरच्या अंगाला, लोकांच्या रांगेपलीकडं, डोह.

"खाली, आप्पा," ऋतुजा म्हणाली. हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांना गेलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग वर बघितलं. तिथं ती सगळी माणसं होती, आणि त्यांतलं एकही भुईकडं बघत नव्हतं. म्हातारे, बायका, पालखी दारात आलेली पहिल्यांदा पाहिलेल्या सुना, सगळे हात जोडून वाट बघत होते.

आप्पा वर निघाले.

लोकांनी दुभंगून वाट दिली, त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, "चांगभलं" झालं. आप्पांनी खडशी डोहात सोडली. ती कुशीवर पडली, मग कशीबशी सरळ झाली आणि वर येऊन तिनं तोंड उघडलं. बायकांनी ओवाळलं. देवी पुन्हा घसरू नये म्हणून तरण्या गड्यांनी कातळाच्या तोंडावर धोंडे रचले, फटींत माती लिंपली, आणि पंप बंद केले. काम त्यांनी फार मन लावून केलं. खाली ओढ्याच्या मुखाशी पेटी वाजतच होती. भिंतीआडून मासे त्या आवाजाकडं तोंड करून उभे राहिले, म्हणून ऋतुजानं ती बंद केली.

आप्पा येऊन तिच्याशेजारी कातळावर बसले. छातीवर खवल्यांचा चिकटा होता.

"मला खाली जायाचं हुतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"ती समदी बगत हुती, बाय."

ऋतुजाला राग आला असता तर बरं झालं असतं. राग कुणावर करायचा हेच तिला उमगत नव्हतं.

"किती दिस काढतील?" त्यांनी विचारलं.

"आठवडा. आभाळ आलं, शेवाळाला ऊन मिळालं नाही, तर तेवढाही नाही."

वर डोहाकाठी दिवसातली पहिली गाडी येऊन थांबली. परगावची माणसं चिरमुऱ्यांच्या पिशव्या घेऊन उतरत होती. आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"त्यास्नी तरी नगं म्हनून सांगतो," ते म्हणाले आणि गेले.

लोकांनी त्यांना चित्रणातून ओळखलं. मानकरी म्हणून एकेकजण वाकून त्यांच्या पाया पडला, आणि पाया पडून झालं की चिरमुरे टाकायला पुढं सरकला.